फोन कोणी केला

रुअरी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितेय.

सप्टेंबरअखेर सामन मासे अंडी घालायला नदीत चढले आणि बाबांना अंड्यांनी भरलेली एक मादी मिळाली. ट्राउट असता तर कोणी विचारलं नसतं. सामन मात्र कायद्याने परत पाण्यात सोडायलाच हवा होता, पण आईच्या वाढदिवसाला तिच्या आवडीचा मासा रांधायचा म्हणून त्यांनी तो घरी आणला आणि कौतुकाने तुला फोनवर सांगितलं.

सकाळी नदीचा राखणदार मर्डो दारात उभा. गळाची काठी, परवाना, सगळं घेऊन गेला. जाताना मला हळूच म्हणाला, "तुझ्या भावाचाच फोन होता गं. मी तरी काय करू?"

त्याच आठवड्यात नदीखात्यात तुला बढती मिळाली.

आत बाबा टेबलावर मूठ आपटत होते. "कोणी चुगली केली? रुअरीला कळव. माझा पोरगा बघून घेईल त्याला!"

एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला खरं कसं सांगणार? म्हटलं, "बाबा, मीच केला फोन."

तेव्हापासून ते माझ्या हातचा चहा घेत नाहीत. खिडकीत बसून तुझी वाट बघतात.

हे पत्र टाकणार नाही. तू उत्तर दिलंस तर बाबा वाचतील.

तुझ्या वाट्याची बोलणी खाणारी,
इशबेल