एकाच फोटोचे दोन फ्लेक्स

दादा,

तळ्यातल्या राक्षसाला मारायला गेल्या वर्षी तू उतरलास, तो वर आलाच नाहीस. यंदा चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. मी बेडकालाही भितो, हे तुला ठाऊक आहे.

सरपंच हिंदुरावांनी नवी पेठेत नेऊन माझा फोटो काढला. रिवाजाप्रमाणे दोन फ्लेक्स छापायला टाकले, एक अभिनंदनाचा आणि एक श्रद्धांजलीचा. तुझा अभिनंदनाचा फ्लेक्स लागलाच नाही. आई त्याने कडबा झाकते.

मी मोडनिंबला मावशीकडे पळून जाणार होतो. एसटीला वेळ होता, म्हणून फ्लेक्सच्या दुकानात डोकावलो. कॉम्प्युटरवर आपल्या रेश्माचा फोटो होता.

"हिचा कशाला?"

"तू पळालास तर बहिणीला उतरवायचं हाय की. ऐनवेळी घाई नको, म्हणाले सरपंच."

"तिचा फोटो काढून टाका. मी उतरतोय."

"लई भारी! मग फेट्यातला फोटो घेऊ का?"

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून खिशात घेऊन उद्या सकाळी उतरतो. खाली भेटलास तर हसू नकोस. मी डोळे मिटूनच येणार आहे.

तुझा भित्रा,
ऋतुराज