वाट उघडण्याच्या वेळा

२७ नोव्हेंबर १९५८, गुरुवार. पनवेल

उरणहून आज सकाळच्या एस.टी.ने परत. कालची शेवटची चुकली. स्टँडच्या बाकावर झोपलो, मान धरली आहे.

सगळ्यांनी चार दिवस राहायला घ्यायचा तो बंगला पाहिला. म्हणजे लांबून पाहिला. नानांनी काल सकाळी सातला पाठवलं होतं, पण चिरनेरला एक माणूस नुसत्या हातांनी मधाचं पोळं काढत होता, ते बघायला उतरलो आणि दुपार तिथेच गेली. किनाऱ्याला पोचलो तर सूर्य खाली आलेला. समोर ओल्या वाळूचा लांबलचक पट्टा, टोकाला काळ्या खडकांचं खडप, खडपावर बंगला. कुणा मुंबईच्या शेटने गळाने मासे धरायला येऊन राहण्यासाठी बांधलाय. वर्षातून दोनदा येतो, बाकी रिकामा. एक बैलगाडी माझ्यादेखत वाळूवरून थेट पायरीपर्यंत गेली. मग आणखी बघायचं काय? मागे फिरलो.

नाना दुकानात गादीवर होते.

"दारापर्यंत गाडी जाते?"

"थेट."

"स्वतः पाहिलंस?"

"पाहिली की."

"बरं केलंस."

नाना मला असं याआधी कधी म्हणाले होते, आठवत नाही. दोनदा मॅट्रिक नापास झाल्यापासून तर नक्कीच नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

मुंबईहून दादाचं पत्र. रजा मिळाली, १८ ते २१ डिसेंबर. सगळे जायचं. नाना, आई, दादा, वहिनी, मी. आईने लगेच भाजणीचं काढलं. नानांनी जन्मभर गळ, सूत, दोर विकले आणि स्वतः बसले पनवेलच्या खाडीच्या चिखलात. आता समुद्रावर बसणार. शिसं वितळवून गळाला लावायची वजनं करत होते. हात थरथरतो, पण गोळा नीट पडतो.

शेटच्या मुनिमाला पोस्टकार्ड टाकायला निघालो होतो. मैदानात एक जण नऊ दिवस सायकलवरून न उतरता फिरतोय, आज तिसरा दिवस. दाढीसुद्धा सायकलवरच करतो. दोन तास उभा होतो. पो.का. खिशातच राहिलं. उद्या नक्की.

२ डिसेंबर, मंगळवार

नानांची औषधं आणायला गेलो. डॉक्टरांनी कंपाउंडरला बाहेर पाठवलं आणि दार लोटलं.

म्हणाले, गेल्या वर्षीचा हृदयाचा झटका लहान होता. दुसरा तसाच असेल असं नाही. आला तर जिभेखाली गोळी, आणि अर्ध्या तासात इंजेक्शन. "समुद्राची हवा चांगलीच. पण डॉक्टरपासून अर्ध्या तासापेक्षा लांब राहायचं नाही. उरणला डॉक्टर आहे ना?"

म्हटलं, आहे. बंगल्यापासून गाडीने वीस मिनिटं.

"मग हरकत नाही. घरच्यांना घाबरवू नकोस. तू लक्ष ठेव, तू रिकामाच असतोस."

गोळ्यांची डबी वरच्या खिशात ठेवली. चालताना खुळखुळ वाजते. आईने विचारलं काय वाजतंय, तर म्हटलं सुपारी.

४ डिसेंबर, गुरुवार. उरण, स्टँड

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

खाटा किती, चूल कुठे, बघून ये म्हणून नानांनी पुन्हा पाठवलं. या वेळी मधे कुठे उतरलो नाही. भर दुपारी बाराला किनाऱ्यावर. वाळू नाही. जिथे बैलगाडी गेली तिथे समुद्र. खडप चारी बाजूंनी पाण्यात, बंगला मधेच तरंगल्यासारखा. मला वाटलं जागा चुकलो. मागे गेलो, नारळ मोजले, परत आलो. जागा तीच.

बंगल्याचा राखणदार पोशाबाबा होडी वल्हवत आला. साठीचा असेल, डोक्याला लाल फडकं.

"मागच्या बुधवारी इथून गाडी गेली," मी म्हटलं.

"आरं बाला, ती पुनव व्हती. उधानाला पानी लांब जातंय, तवा वाट उगडते. आज आठम, भांगाचं पानी, लय चढत नाय न लय उतरत नाय. भांगाला वाट नाय."

"मग ओहोटी कधी लागते?"

तो हसला. "ही काय हाय मंग? ही व्हटीच हाय. याच्या खाली पानी जात नाय आज."

कमरेच्या वर पाणी होतं. ओढ बघून मी पाय आत घातला नाही.

तिथी शिकवली त्याने. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. तिच्या सहा तास पुढेमागे ओहोटी. माझी पाऊणपट चुकली तर हसून हसून खोकला. "शालंत गेलावतास का गाई वलायला?"

५ डिसेंबर, शुक्रवार. पनवेल

पंचांग पाहिलं. १८ डिसेंबरला शुद्ध अष्टमी. म्हणजे कालच्यासारखंच. चार दिवस वाट नाहीच.

नाना म्हणाले, "खाटा किती?" म्हटलं, चार. खाटा मोजल्याच नाहीत.

सांगायला हवं. जेवताना सांगणार होतो. आईने तेवढ्यात दादाच्या आवडीचे बेत काढले आणि

७ डिसेंबर, रविवार

नाही सांगितलं. सायकलवाल्याचे नऊ दिवस काल संपले. म्हणे उतरल्यावर त्याला उभंच राहता येईना, दोघांनी धरून नेला. मी गेलो नव्हतो. बघायची हिंमत नव्हती.

डोळे मिटले की नाना होडीत आडवे आणि पोशाबाबा वल्हं मारतोय. अर्धा तास. होडीला किती लागेल? वारा उलटा असेल तर? त्याला विचारलंच नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

कर्नाळ्याच्या बाजूला उगाच चालत गेलो. निम्म्यातून परत. सांगितलं नाही तर काय होईल याची भीती आहे. आणि सांगितलं तर नाना पुन्हा मला त्या जुन्या नजरेने बघतील याचीही आहे. दुसरी मोठी आहे की काय? ही गोष्ट लिहितानाही लाज वाटते, पण खरी आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं. सगळं. डॉक्टर, अर्धा तास, वाट, आणि पहिल्या दिवशी मी आत गेलोच नव्हतो तेसुद्धा.

दुकानात दोघेच होतो. नाना सुताचं गुंडाळं उलगडत होते, थांबले नाहीत.

"अठराला तिथी काय?"

"अष्टमी."

"अष्टमीला खडपावर वाट शोधतोस? गाढवा, चाळीस वर्षं मी कोळी-आगऱ्यांना सूत विकतोय. मला विचारायचं होतंस."

मला रडू यायला लागलं. नाना गुंडाळं उलगडतच होते. मग म्हणाले, "पौर्णिमेला जाऊ. सव्वीसला आहे. तेव्हा सकाळ-संध्याकाळ वाट उघडते."

"पण मधे आठ तास बंद."

"दुकानात आठ तास मी एकटा बसतोच की. इथे कोणता डॉक्टर उशाला असतो?"

"नाना, नकोच ना जायला."

"आईला बोलायचं नाही. दादालाही नाही." हे मात्र माझ्याकडे बघून.

जुन्या नजरेने नाही बघितलं. त्याचीच जास्त भीती वाटतेय आता.

१४ डिसेंबर, रविवार

तारीख बदलल्याचं नानांचं पत्र वाचून दादा स्वतः आला. नाताळात वहिनींनी माहेरी जायचं ठरवलं होतं.

"अठरा चालत नाही म्हणजे? नाना, तुम्ही कधीपासून मुहूर्त बघायला लागलात?"

"वय झालं तसं."

"हा दत्त्याचा घोळ आहे. मुनिमाला पत्र वेळेवर टाकलं नसणार. ह्याच्यावर सोपवलंत, आता भोगा."

पत्र खरंच उशिरा टाकलं होतं, त्यामुळे चेहरा आपोआप तसाच झाला. आई आतून म्हणाली, "दोघं मिळून काहीतरी शिजवतायत. यांचं एकमत मी पहिल्यांदाच बघतेय."

शेवटी दादा तयार झाला. २५ ते २८.

२० डिसेंबर, शनिवार

पोशाबाबाकडे जाऊन आलो. एकच मागणं. आम्ही असू तेवढे दिवस होडी बंगल्यालाच बांधलेली पाहिजे, आणि तो पाहिजे. नाना आजारी आहेत हेही त्याला सांगितलं.

"होरी हाय, मी हाय. कशाला भ्यातोस? तुजा बापूस मना वलखतो. त्याच्याच दुकानाचा सूत हाय माज्या जाल्याला."

होडीला विचारलं किती लागेल. वारा नसला तर दहा मिनिटं. असला तर "जातंय कसं ते दर्या सांगल."

घरी येऊन जेवलो. दोन दिवसांत पहिल्यांदा.

२५ डिसेंबर, गुरुवार. बंगला

पोचलो. दुपारी साडेचारला गाडी वाळूवर घातली. चाकं बोटभर रुतत होती, बाकी रस्त्यासारखा रस्ता. वहिनी म्हणाल्या, "भावजी, जागा छान शोधलीत हो." दादा काही बोलला नाही, म्हणजे त्यालाही आवडली.

नाना गाडीतून उतरून शेवटचं थोडं चालले. मधे दोनदा थांबले. आईला वाटलं देखावा बघतायत. मी श्वास मोजत होतो.

खाटा पाच आहेत.

नानांनी उजेड जायच्या आत गळ टाकला. दोन शिंगाळे मासे लागले. पोशाबाबा शेजारी बसून, "शेट, तुमी येवडी वर्सं खारीत का बसलावतात?" नाना हसले. मला आठवतं तसे, मी लहान असतानाचे.

होडी पायरीपाशी बांधलेली आहे. तीनदा जाऊन बघितली.

२६ डिसेंबर, शुक्रवार. बंगला

सकाळचे नऊ.

होडी नाही. पोशाबाबा वाट बंद व्हायच्या सुमारास होडी घेऊन करंजाला गेला. भाचीची हळद आहे. मी पाणी आणायला किनाऱ्यावरच्या विहिरीकडे गेलो होतो. त्याने आईला सांगितलं, "हलद लावतंय न येतंय, दुपारच्या आत." आई म्हणाली, जा बाबा, हळदीला कोण अडवणार. तिला काय माहीत. मी परत आलो तेव्हा होडी हाक पोचणार नाही इतकी लांब. तरी हाका मारल्या.

दहा. वहिनी कपडे वाळत घालायला बाहेर आल्या. "भावजी, रस्ता कुठे गेला?" सहज विचारल्यासारखं. मग दादा आला. बघितलं आणि पांढरा पडला.

"हे कधी उघडतं?"

"साडेतीनला."

"तुला माहीत होतं."

"हो."

त्याने माझी कॉलर धरली. खडपाच्या टोकावरून नानांचा आवाज, "ओरडू नका रे, मासे जातात."

आईने खुर्ची उचलून नानांच्या शेजारी नेऊन ठेवली.

साडेअकरा. पूर्ण भरती. वारा सुटलाय. खालच्या दोन पायऱ्या पाण्यात. किनाऱ्यावर एक माणूस गुरं घेऊन चाललेला दिसतो, मुंगीएवढा. टॉवेल हलवला. त्यानेही हात हलवला आणि गेला.

दुपारी दीड.

सव्वाबाराला नानांच्या गळाला मोठं काहीतरी लागलं. काठी कमानीसारखी वाकली. दादा म्हणाला द्या माझ्याकडे, तर नाही दिली. आई म्हणाली सोडा, सोडलं नाही. रावस होता, हातभर, वर काढला. मग नाना तिथेच दगडाला टेकून बसले. म्हणाले, ऊन लागलं. घाम एवढा की सदरा पिळावा. ऊन लागण्यासारखं ऊन नव्हतं.

गोळी दिली. आता आत खाटेवर आहेत. दादा मनगट धरून बसलाय. वहिनी वारा घालतायत. आईने मला आणि नानांना दोघांनाही ऐकू जाईल असं विचारलं, "तुम्हां दोघांना ठाऊक होतं?" नाना डोळे मिटूनच बोलले, "त्याला मी गप्प बसवलं होतं. त्याला बोलू नकोस." आई म्हणाली, "मी कुणालाच बोलत नाहीये. तुम्ही बोलू नका." आणि त्यांचे पाय चोळायला लागली.

मग नानांनी विचारलं, "दत्तू, किती वाजले?"

"दीड."

"म्हणजे दोन तास. बसू की."

दादाने मला बाहेर पाठवलं, होडी दिसते का बघ म्हणून. पायरीवर बसून लिहितोय, कारण हातांना रिकामं राहवत नाही. करंजाकडे दोन शिडं आहेत. ती इकडे येतायत की चाललीयत ते कळत नाही. वाटेच्या मधोमध एक काळा दगड आहे, पाणी उतरायला लागलं की आधी त्याचं डोकं दिसतं असं काल पोशाबाबा सांगत होता. मघाशी एकदा दिसल्यासारखं वाटलं. लाट आली आणि गेलं.

आतून वहिनी विचारतायत, दिसलं का काही.

बघतोय म्हटलं.