तुझ्या अक्काची बाटली

कमठाणा
२० डिसेंबर १९८३

चि. नरसिंग,

तुझ्या दाजीचा पोटभर आशीर्वाद. (पोटभर कामून, ते पुढं कळेल.) गुलबर्ग्यात तुझं औषधाचं दुकान, तुझा गुडघा आणि तुझी बायको, तिघंही ठणठणीत असतील असं धरून चालतो. इकडं सगळं झकास. तूर कापायला आलीय, म्हैस व्यालीय, आणि अमायनो अ‍ॅसिड या विषयात मी आता पुरता तयार झालोय.

दिवाळीच्या तापातून उठल्यापासून तुझ्या अक्काच्या अंगावर मांस धरेना, चार पावलं टाकली की चौकट धरून उभी राहायलीय, म्हणून तू लायसिन नावाच्या अमायनो अ‍ॅसिडची मोठी बाटली पाठवलीस. रोज दोन चमचे, असं बजावलंसही. पण मला सांग, ज्याच्या नावातच अ‍ॅसिड आहे ते मी बायकोच्या पोटात बिनघोर कसं ओतू? शेजारच्या बंडेप्पाच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीतलं धोतरावर सांडलं तर धोतराची चाळण झाली होती. घरातला कर्ता माणूस मग कशाला असतो? आधी स्वतःवर तपासायचं ठरवलं. आठ दिवस तपासलं. काहीच झालं न्हाई, तसा माझा संशय वाढला, म्हणून चमचा सोडून वाटी घेतली आणि आणखी आठ दिवस तपासलं. (चव संत्र्याच्या गोळीसारखी आहे. तपासणीशी संबंध न्हाई, पण नोंद असू दे.)

गुण आधी सांगतो. भूक खवळते. दोन भाकरीवर उठणारा मी पाचावर गेलो, वर वरणाचं पातेलं पुसून घ्यायचो. आता धोका. वाटी सुरू केल्यावर पोटात असा मुरडा उठला की तीन दिवस टमरेल घेऊन बंडेप्पाच्या तुरीतच मुक्काम केला. तरी मी हटलो न्हाई. बाटली मात्र संपली.

आणि एका सकाळी तुझी अक्का चुलीपाशी बसल्या जागी कलंडली. तिला एसटीत घालून बिदरला नेलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण भारी कडक. मी लायसिनबद्दल माहिती द्यायलो, तर मला गप्प बसवून तिलाच विचारलं, जेवता काय? तुझी अक्का माझ्याकडं बघत म्हणाली, "ह्यांचं झाल्यावर उरंल ते." वरण? "वरण कुठलं उरायलंय आता, बाई."

मग डॉक्टरीणबाईनं सांगितलं. लायसिन अंगात तयार होत न्हाई, खाण्यातूनच यावं लागतं. ज्वारीत ते कमी, तुरीच्या डाळीत भरपूर. बाटलीनं झाला तर थोडा आधार, पण आधी ताट भरलेलं पाहिजे. जास्त ढोसलं तर पोट बिघडतं, आणि मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्यानं विचारल्याबिगर हात लावू नये. हे सगळं माझ्याकडं बघून. म्हणजे तूर आपल्या शेतातली, शिजवली तिनं, आणि डाळही माझ्या पोटात, बाटलीही माझ्याच. पोरी सासरी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तरी ती माझ्यामागून काय खाते हे मी एकदाही वाकून बघितलं न्हाई. लई लाज वाटली.

पण आता सगळं मार्गी लावलंय. आधी ती जेवणार, मग मी. हुकूमच काढलाय. अजिबात काळजी करू नको.

तुझा दाजी,
गुंडेराव

ता. क. हुकूम चालंना. नवऱ्याच्या आधी कसं जेवू म्हणते. बळंच बसवली तर वरणाची वाटी हळूच माझ्या ताटाकडं सारते. येळवशीला ये. त्या अमावस्येला शेतात सगळेच भज्जी-आंबिलीला एकत्र बसतात, तू तिच्या शेजारी बस. भावाच्या शब्दाला ती न्हाई म्हणत न्हाई. बाटली आणू नको. आधीची मी संपवली हेही तिला कळू देऊ नको, मांजरानं सांडली असं सांगितलंय.

ता. क. दुसरा. पत्र तिनं वाचून दाखवायला लावलं. मांजरापाशी माझी जीभ अडकली. तर म्हणते, "मला पहिल्या दिवसापासून ठावं हाय. तुम्ही पोटभर जेवायला लागलाव, म्हणून बोलले न्हाई."

नरसिंग, येळवशीची वाट बघू नको. उद्याच निघ.