बसप्पामामांची गंजी आणि आमची लिंक

सोम. ३ मार्च
जमलं! मंद्रूपची शाखा आजपासून चिंचोळीच्या ऑफिसच्या नेटवर्कला जोडली. शाखेच्या पत्र्यावर अँटेना मी स्वतः बसवला. गावच्या पाण्याच्या टाकीवर नेटवाल्याचा टॉवर आहे, तो समोर स्वच्छ दिसतो. आमच्या गोडाऊनमधला ठिबकचा एकेक पाइप आता तिकडच्या कॉम्प्युटरवर दिसतो. इतके दिवस महादेवीताई दर गिऱ्हाइकामागे फोन लावून बसायच्या. शाखा म्हणजे त्या एकट्याच.

साहेबांनी बजावलंय, पुढच्या बुधवारी, १२ तारखेला स्वतः बघणार. लिंक चालली तर ठीक, नाहीतर मंद्रूपला टाळं आणि ताईंनी रोज चिंचोळीला यायचं. जाऊन-येऊन चार गाड्या. घरी गुडघ्यानं बसलेल्या सासूबाई.

ताईंनी राउटरला हळद-कुंकू लावलं. म्हटलं, लावा, फक्त भोकात नको.

गुरु. ६
मंद्रूपचा वेग निम्म्यावर. ताईंचा फोन, “मॅडम, नुसतं गोल गोल फिरतंय.” मग इकडचं तिकडचं. शेजारच्या बसप्पामामांची ज्वारी लई चांगली झाली, कडबा घरी आला, वगैरे. मी हूं हूं करत सेटिंग बघत होते. सेटिंग ठीक.

शनि. ८
आणखी कमी. नेटवाल्याशी भांडले. तो म्हणतो टॉवर ठणठणीत आहे. खोटारडा.
ताई म्हणतात, “मामांची गंजी बघायला या की, घराएवढी झाली.” म्हटलं, ताई, गंजी राहू द्या, राउटर बंद करून चालू करा. बिचाऱ्यांनी दहा वेळा केला. बुधवारबद्दल एक शब्द बोलत नाहीत, तेच जास्त लागतं. भीती वाटायला लागलीय.

सोम. १०
लिंक पूर्ण गेली. सकाळची एसटी धरून मंद्रूप. शिडी लावून पत्र्यावर चढले, टाकीकडे बघितलं. टाकी दिसेना. मध्ये कडब्याची गंजी.

रोज तिकडे एक थर चढत होता आणि इकडे सिग्नल उतरत होता. ताई फोनवर रोज कारणच सांगत होत्या, आणि मी शहाणी सेटिंग बघत होते. पत्र्यावरच बसून हसत सुटले. खालून ताई, “काय झालं ओ मॅडम?”

दुपारी मामांकडे. “बारव्वा, ये बस,” म्हणत त्यांनी खाट झटकली. गंजी हलवा म्हणायची छाती होईना. त्यांनीच ओळखलं. “रचलेली गंजी हलवत न्हाईत. बैलं खातील तसं तुमचं नेट वाढंल.”
कधीपर्यंत?
“मिरगापत्तोर.”
म्हणजे जून. माझ्याकडे परवापर्यंतच वेळ होता.
तंबाखू मळता मळता मामांनी वर बघितलं. “माझ्या माळवदावरनं टाकी दिसती की. तितं ठेव. पर शाखा हितनं हलली न्हाय पायजे. पाइपाच्या एका जोडासाठी मला चिंचोळीला पिटाळू नका.”

मंगळ. ११
अँटेना मामांच्या माळवदावर. शिडी मामांनी धरली, वायर ताईंनी गंजीच्या कडेनं शाखेत ओढून घेतली. कडब्याचं कूस अंगभर, अजून खाजतंय. लिंक आली, पहिल्या दिवसापेक्षा जोरात! ताई आधी रडल्या, मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

बुध. १२
साहेब गोडाऊनच्या प्रिंटरपाशी हाताची घडी घालून. अकरा वाजता कागद आला. शाखा मंद्रूप, गिऱ्हाईक बसप्पामामा, पाइपाचे जोड दोन. साहेबांनी कागद उलटून पालटून बघितला. “महिनाभर तुटली नाही, तर शाखा राहील.”
महिना म्हणजे महिना. ताईंना कळवलं. नेटवाल्याला फोन करून माफी मागितली. तो खूश.

शनि. १५
ताईंचा फोन. मामा विचारतायत, माळवदावर मिरच्या वाळत घालू का, लिंकला आडव्या येतील का. म्हटलं, खुशाल घाला.

आता ताईंचं बोलणं मध्ये तोडत नाही. मिरच्या झाल्या, सासूबाईंचा गुडघा झाला, मग मामांच्या नातीचं लग्न ठरल्याचं आलं. येत्या पंधरवड्यातच. दारातच करायचं म्हणतात.

दारात, म्हणजे मांडव. किती उंच, कुठल्या बाजूला, सगळं विचारून लिहून घेतलं. ताईंना हसू आवरेना. “तुमालाबी यायचंय की, मॅडम.”

जाणारच आहे. आहेर घेऊन, आणि वीस मीटर जादा वायर.