कौशल्याच्या जावेचं रक्त

प्रिय अक्का,

तुला जाऊन वर्ष होत आलं आणि पत्र लिहायची बुद्धी मला आज होते आहे. काल मीनाक्षीताईंचा फोन आला. होस्टेलपासूनची तुझी मैत्रीण, पुढे प्रयोगशाळेतही शेजारच्या टेबलावर बसणारी, आणि शेवटची काही वर्षं तू जिच्याशी शब्दही बोलली नाहीस ती. सोमवारी त्या आमच्या गावी, धावड्याला येताहेत. "कौशल्या आणि त्या दोघींचं पुन्हा रक्त घ्यायचंय. तिचं काम अर्धं राहायला नको," म्हणाल्या. मी हो म्हटलं.

तुला तो भादवा आठवतो का? घरोघरी ताप, सांधे धरलेले, बायका भिंतीच्या आधाराने चालत होत्या. तू पुण्याहून नळ्यांची पेटी घेऊन आलीस. मी गावची आशा कार्यकर्ती, म्हणून यादी माझ्या हातात. ओसरीवर बसून तू बायकांना समजावलंस की तापानंतर रक्तात राखणदार उभे राहतात, ते किती दिवस टिकतात ते बघायचंय, म्हणून होळीच्या आधी पुन्हा रक्त घेईन. व्हायरसवर मोठमोठे पेपर लिहिणारी माझी बहीण इतकं सोपं बोलते, याचा मला केवढा तोरा होता.

होळीच्या आधी तू आलीस तेव्हा तिघी गावात नव्हत्या. घनसावंगीकडे ऊसतोडीला गेल्या होत्या. तीन नळ्या रिकाम्या राहणार होत्या. अक्का, आई गेल्यापासून तुझं माहेर म्हणजे माझंच घर. माहेरवाशिणीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मी कौशल्याच्या जावेला, गयाला, बोलावून आणलं.

"पण यादीत नाव तर कौशीचं हाय," ती म्हणाली.

"एकाच चुलीवरचं खाता ना तुमी? जल्दी चल, अक्का वाट बघून राह्यली."

"मला तर ताप बी आल्ता न्हाई."

"मंग चांगलंच हाय की."

बाकीच्या दोन घरांतही तसंच केलं. पदर घेतलेल्या बायकांत तुला कोण ओळखू येणार होतं? मी नाव वाचलं, तू नळीवर चिकटवलंस. जाताना तुझ्या पिशवीत कुरडया भरल्या आणि आपण फार मोठं काम केलं, असं वाटून मी त्या दिवशी उगाच खुशीत होते.

मग काही महिन्यांनी तुझा फोन. "सुनंदे, तुझ्या गावच्या तीन बायकांनी मला वेड लावलंय. सगळ्यांचे राखणदार जागेवर आहेत, या तिघींचेच गायब!" तू हसत होतीस. मला तिथल्या तिथे उमगलं: ज्यांना ताप आलाच नव्हता, त्यांच्या रक्तात राखणदार असणार कुठून? आशा आहे मी, अगदीच अडाणी नाही. मग बोलले का नाही? तू आनंदात होतीस, हे एक. तुझ्या रागाची भीती वाटली, हे दुसरं, आणि हेच खरं.

तुझा पेपर आला. परदेशातले लोक तुझ्याबरोबर काम करायला लागले, जो तो आपापल्या गावात असे गायब झालेले राखणदार शोधायला लागला. पेपरच्या शेवटी आभारात तू माझं नाव घातलंस आणि ते पान फ्रेम करून दिलंस. आल्यागेल्याला मी ते दाखवत होते.

कुणालाच काही सापडलं नाही. मीनाक्षीताई म्हणाल्या, नळ्यांत घोटाळा असेल, एकदा तपास. तू म्हणालीस, "माझ्या सख्ख्या बहिणीने माणसं आणून बसवलीत," आणि त्यांच्याशी बोलणंच तोडलंस. हे तूच मला सांगितलंस. मी काय म्हणाले आठवतं? "बराबर केलंस."

शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यातसुद्धा तुझा तोच घोर. "दुसऱ्या कुणाला का सापडत नाही गं?" मी मोसंबी सोलत होते. आता पडून राहा म्हणाले. तू कूस बदललीस आणि मी सालं गोळा करून बाहेर टाकायला गेले.

पण एक बोलू? साऱ्या जगाकडे तू पुरावा मागायचीस. माझ्याकडे एकदाही मागितला नाहीस. एकदा, फक्त एकदा माझ्याकडे रोखून बघून विचारलं असतंस, तर मी तेव्हाच फुटले असते. धाकट्या बहिणीवर इतका विश्वास टाकू नये, अक्का.

आज सकाळी कौशल्याकडे गेले. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या नावानं एवढं झालं अन् मलाच म्हाईत न्हाई?" गया खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

सोमवारी कौशल्या आणि गया दोघींना ओसरीवर बसवेन. मीनाक्षीताईंनी पेटी उघडायच्या आत सगळं सांगेन, आणि लिहून सही करून देईन. पहिल्याच ओळीत लिहीन की ही चूक माझी, अक्काची नव्हे. तुझा पेपर मागे घ्यावा लागेल असं त्या म्हणतील, तर घेऊ देत. त्या माझं तोंड बघणार नाहीत, तेही चालेल. तू त्यांची माफी मागायची राहिलीस, ती मी मागेन. फ्रेम भिंतीवरून काढून ठेवली आहे.

तुला मात्र या वेळी माहेराहून रिकाम्या हातानेच पाठवते आहे. तेव्हाही तसंच पाठवायला हवं होतं.

तुझी धाकटी,
सुनंदा