तुमच्यासोबत अजून कोण?

मंगळवार, संध्याकाळ. नागापूर, आमचा गाळा.

पुण्याचे गुंतवणूकदार आज येऊन गेले. कांदाचाळीत साठवलेला कांदा सडायला लागला की मोबाईलवर इशारा देणारं आमचं यंत्र त्यांना पसंत पडलं. सरकारी अनुदानातून पहिली यंत्रं केली, तेही आवडलं. निघताना मात्र विचारलं, "तुमच्यासोबत अजून कोण?"

"सध्या मीच."

"मग अवघड आहे. एकट्या माणसावर पैसे कसे लावायचे? जोडीदार बघा, मग बोलू."

अजून कोण? मघापासून तेच डोक्यात. वैशाली होती ना. कॉलेजपासून दोघींनीच हे उभं केलं. लग्न होऊन ती नाशिकला गेली, तिथं नोकरी धरली. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं का?

शेवटी तिलाच फोन लावला. ऐकून लगेच म्हणाली, "अगं, माझं नाव लाव की! कागदावर राहीन मी. त्यांना काय कळतंय?"

क्षणभर मोह झाला. मग म्हणाले, "नको गं, खोटं नको. एकटीच आहे म्हणून सांगते, पटलं तर बघतील."

"चिडलीस व्हय?"

"न्हाई गं," म्हणून फोन ठेवला. नाव नको होतं, तू हवी होतीस, एवढं काही बोलता आलं नाही.