पाच मॅचेस, शून्य मिनिटं

१७ जानेवारी २०१८, बुधवार

हरलो. सतरा पॉइंट्सनी!

आणि मी गाडीत. काचा वर, वायपर चालू, मांडीवर थर्मास. मैदानाच्या कडेला उभं राहायला लेकीने बंदी केली आहे. मागच्या वेळी मी म्हणे "पळ गं, पळ!" असं इतक्या जोरात ओरडले की समोरच्या टीमच्या मुलीही पळायला लागल्या. "आई, यू रोर," स्वरांगी म्हणाली. तेव्हापासून गाडी.

हा इथला, आयर्लंडचा गेलिक फुटबॉल मला आता थोडा कळतो. बॉल हातात धरायचा, लाथेनेही मारायचा. आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट, जाळ्यात गेला तर तीन. आमच्या कॉलेजच्या मुलींना दोन्ही जमत नाही. या सीझनला आठ मॅचेस, सात हार, एक बरोबरी. आज स्वराला शेवटची वीस मिनिटं मिळाली. पहिल्या वर्षाची मुलगी, त्या मानाने बरी खेळली. मी सांगत नाही, शेजारच्या गाडीतले आजोबा म्हणाले.

कोच पॅकी — निवृत्त बस ड्रायव्हर, अकरा वर्षं हीच टीम सांभाळतोय — हरल्यावरही टाळ्या वाजवत होता. कशाबद्दल, देव जाणे.

घरी आले तर मेव्हची मेल. मेव्ह म्हणजे आमच्या कॉलेजची स्टुडंट सर्व्हिसेसची प्रमुख. पॅकीला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही हे ठरवायला तिघांची कमिटी: ती, लायब्ररीतला मार्टिन, आणि 'आकड्यांसाठी' मी. स्टॅटिस्टिक्स शिकवते ना!

दोन मिनिटांत हो कळवलं. दोन मिनिटंही जास्तच म्हणायची.

१९ जानेवारी, शुक्रवार

पहिली मीटिंग. सुरुवातीलाच मेव्हने विचारलं, "टीममध्ये कुणाचं कोणी आहे का? असेल तर आत्ताच सांगा, नोंद करून ठेवते."

मी तोंड उघडलं. आणि चहात घालायला दूध मागितलं.

मी राजवाडे, स्वरा देवस्थळी. लग्नानंतर नाव बदललं नाही म्हणून सासरी केवढी मिरवले होते मी! आज त्याच नावाच्या आड लपून बसले. कुणाला कळणार? आणि मी काय पक्षपात करणार आहे थोडीच. असं मनाशी तीनदा म्हटलं, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

घरी स्वराने सीरियल खाता खाता विचारलं, "यू टोल्ड देम आय'म ऑन द टीम, राइट?"

"हो गं."

"अँड दे'र ग्रँड विथ इट?"

"ग्रँड!" इथे 'ठीक आहे'ला ग्रँडच म्हणतात.

अठरा वर्षांच्या मुलीशी इतकं सहज खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. वाडगा विसळून ती वर गेली.

२४ जानेवारी

हरलो. स्वरा पूर्ण वेळ बेंचवर. एकही मिनिट नाही.

३१ जानेवारी, बुधवार

पुन्हा हार, पुन्हा शून्य मिनिटं. दोनच आठवड्यांपूर्वी वीस मिनिटं खेळलेली मुलगी अचानक काय विसरली?

येताना सुपरमार्केटमध्ये गेले तर दुधाच्या फ्रीजपाशी पॅकी. मी हसले. त्याने मला पाहिलं — नक्की पाहिलं! — आणि ट्रॉली फिरवून बिस्किटांच्या गल्लीत शिरला. बरं, तिथे बिस्किटं घेतली म्हणावं तर तेही नाही. मी मुद्दाम डोकावून बघितलं. नुसता उभा होता युअर मॅन (इथल्या भाषेत 'हा गडी'), मी जायची वाट बघत.

इथे रस्त्यावर अनोळखी माणूसही हवेबद्दल दोन वाक्यं बोलून जातो. आणि हा! माझ्या मुलीला बसवून ठेवतो आणि वर मलाच तोंड चुकवतो. तरतरा बाहेर आले. दूध राहिलं ते राहिलंच.

७ फेब्रुवारी

शून्य.

रात्री जेवताना मी पॅकीच्या डावपेचांवर बोलत होते. नवरा, संजीव, हॉस्पिटलातून दमून आलेला. आमटी भुरकत ऐकत होता. मग म्हणाला, "वाईट तिला वाटतंय की तुला?"

"मला का वाटेल?"

"मग ठीक."

डॉक्टर लोकांचं हे एक बरं असतं, दुखतंय तिथे बरोब्बर बोट दाबतात आणि दुसऱ्या पेशंटकडे जातात.

स्वरा मात्र तक्रारच करत नाही. प्रत्येक प्रॅक्टिसला जाते, पाण्याच्या बाटल्या भरते, चिखलाने माखून गुणगुणत घरी येते. तिला राग येत नाही याचाच मला राग येतो.

१४ फेब्रुवारी, बुधवार

जिंकलो. सीझनमधली पहिली! एका पॉइंटने, शेवटच्या मिनिटाला. मुली एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या, पॅकी टोपी काढून नुसता उभा. बेंचवरून सगळ्यात आधी मैदानात धावली ती स्वरा.

मला आनंद झाला नाही. गाडीत बसून मनात आलं — आता याचे मार्क वाढणार.

हे इथे लिहिलं नाही तर कुठे लिहू? लाज वाटते.

२१ फेब्रुवारी

हरलो. शून्य. पाच झाल्या.

२२ फेब्रुवारी

मार्टिनने पाकीट आणून दिलं. पॅकीला त्याची बाजू लिहून द्यायला सांगितलं होतं, ती आली. हाताने लिहिलेली, दोन पानं, तिघांना एकेक झेरॉक्स. "वाचण्यासारखं आहे," मार्टिन म्हणाला आणि उगाच क्षणभर घुटमळला.

मी ते न उघडताच स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात), चहाच्या डब्यामागे ठेवलं. आधी आकडे, मग मतं. हे शास्त्रीय आहे. (आणि दोन पानांत त्याने गोड काही लिहिलं असलं तर? हेही खरं.)

१ मार्च, गुरुवार

बर्फाचं वादळ. अख्खा देश बंद, पाव दुकानांतून गायब, कॉलेजला सुट्टी. दिवसभर घरात बसून अहवाल केला.

पहिल्या हिशोबात पॅकीला शंभरपैकी अठ्ठावन्न. पास पन्नासला. मॅचेसच्या निकालात दाणकन आपटलाय, पण बाकी सगळ्यात वर. सव्वीस मुली ऑक्टोबरमध्ये आल्या, सव्वीसच्या सव्वीस टिकल्या; आसपासच्या कॉलेजांना पंधरा जमवताना नाकी नऊ येतात. हजेरी उत्तम. मुलींनी भरून दिलेले फॉर्म तर — ते भरताना हसत असाव्यात असे फॉर्म.

अठ्ठावन्नाकडे बघत बसले. बाहेर स्वरा शेजारच्या पोरांबरोबर बर्फात फुटबॉल खेळत होती.

मग एक नवा निकष घातला: 'नवोदित खेळाडूंना दिलेला वेळ'. वेटेज पंचवीस टक्के. आणि त्यासाठी फक्त २४ जानेवारीपासूनच्या मॅचेस घेतल्या — 'अलीकडचा कल' असं भारदस्त नाव देऊन. पहिल्या वर्षाच्या मुली चारच. तिघींना थोडी थोडी मिनिटं, चौथीला शून्य.

अठ्ठावन्नचे पंचेचाळीस झाले.

एकही आकडा खोटा नाही. कुणीही तपासावा. वर्गात मी पोरांना हेच करू नका म्हणून दरवर्षी शिकवते, उदाहरणासकट. यंदा नवं उदाहरण मिळालं.

सेव्ह केलं. सगळ्यांसाठी खिचडी टाकली.

१४ मार्च, बुधवार

मीटिंग. माझा तक्ता भिंतीवर. मला वाटलं होतं कुणीतरी विचारेल, हा पंचवीस टक्क्यांचा निकष आला कुठून? त्याचं उत्तर पाठ करून गेले होते! कुणी विचारलं नाही.

मेव्ह चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "शेवटचं विचारते. नोंदीत कुणाला काही घालायचंय?" मार्टिन बिस्किटाच्या पुड्याचा कागद नीट घडी करत होता.

"नाही," मी म्हटलं.

"मग आकडे म्हणतात तसं." पॅकीला पत्र मंगळवारी जाईल — मध्ये सेंट पॅट्रिक्सची मोठी सुट्टी आहे, ती त्याची खराब नको.

अकरा वर्षं, आणि काम झालं पस्तीस मिनिटांत. जिंकल्यासारखं वाटेल अशी कल्पना होती. गाडीत बसले आणि किल्ली फिरवायला हात उठेना.

१५ मार्च, गुरुवार

चहाचा डबा काढताना पाकीट खाली पडलं. उघडलं.

पॅकीने मॅचेसबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. सव्वीस मुलींची नावं, प्रत्येकीपुढे दोन-तीन वाक्यं. कोण वडील गेल्यावर पहिल्यांदा घराबाहेर पडली. कुणाला अजून डाव्या पायाने मारता येत नाही, पण मे महिन्यापर्यंत येईल. सतरावं नाव 'स्वर'. इथे तिला तसंच म्हणतात.

"ऑक्टोबरात कुणी नुसती हाक मारली तरी दचकायची. आता मैदानावर सगळ्यांना ओरडून जागा तीच सांगते. आवाज आईचा असावा, पार्किंगमधून ऐकलाय मी."

आणि शेवटी, पानाच्या तळाशी: "स्वरची आई तुमच्यात आहे. निकाल लागेपर्यंत मी त्यांच्याशी बोलत नाही, ते बरं दिसणार नाही. मध्यंतरी दुकानात मला तोंड फिरवावं लागलं. उद्धट वाटलो असेन. सगळं आटोपलं की माझ्या वतीने माफी मागा."

शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला.

तिघांना एकेक झेरॉक्स! म्हणजे मेव्हने वाचलं होतं. मार्टिनने वाचलं होतं. काल दोघांनाही माहीत होतं मी कोण ते. आणि मेव्ह चष्म्यावरून बघत होती ते उत्तरासाठी नव्हतंच — मी स्वतः होऊन सांगावं म्हणून ती वाट बघत होती. कितीदा संधी द्यायची एका माणसाला? दोन वेळा दिली. एकदा मी दूध मागितलं आणि एकदा नाही म्हटलं.

जे पथ्य मी पाळायचं ते तो पाळत होता. दुधाच्या फ्रीजपासून बिस्किटांच्या गल्लीपर्यंत.

कान अजून गरम आहेत.

१७ मार्च, शनिवार

सेंट पॅट्रिक्सची मिरवणूक. गारठा, हिरव्या टोप्या, ट्रॅक्टर. कॉलेजच्या मुली जर्सी घालून चालत होत्या, स्वरा बॅनरचं एक टोक धरून. मी औषधांच्या दुकानाच्या आडोशाला उभी. तरी पॅकीने मला शोधलंच. रांग सोडून आला, टोपी काढली, हात पुढे केला.

"झालं ना तुमचं काम? आता बोलायला हरकत नाही," तो म्हणाला. "यू'व्ह अ ग्रेट गर्ल देअर."

त्याला अजून काहीच माहीत नाही. मंगळवारपर्यंत माहीत नसेल. मी त्याचा हात हातात घेतला, थँक यू म्हटलं आणि म्हटलं, आज थंडी फार आहे.

घरी येऊन मेव्हला मेल लिहिली. स्वरा माझी मुलगी आहे, हे मी लपवलं. पॅकी तिला खेळवत नाही या रागाने तो निकष घातला. खरे मार्क अठ्ठावन्न. पत्र पाठवू नका. चार वाक्यं लिहायला दोन तास लागले. पाठवली नाही. आधी स्वराला सांगायला हवं. तिला दुसऱ्याकडून कळलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

नोकरीचं काय होईल ते होवो. म्हणजे, होवो असं लिहितेय.

१८ मार्च, रविवार. पाडवा

वारा इतका की गुढी खिडकीच्या आतच, पडद्याच्या दांडीला बांधली. नैवेद्य झाला. श्रीखंड वाढलं आणि स्वराला सगळं सांगितलं. संजीव उठून जात होता, मी म्हटलं बस, तूही ऐक.

स्वराने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली — आणि चक्क मराठीत, अडखळत — "आई, मीच सांगितलं होतं पॅकीला. मला खेळवू नको. तुझी कमिटी संपेपर्यंत. तो दोनदा नाही म्हणाला. पण लोक म्हणाले असते ना, तुझ्यासाठी मला खेळवतो."

मग इंग्रजीत, "यू सेड यू टोल्ड देम."

श्रीखंड तसंच ठेवून वर गेली.

मेलमध्ये एक वाक्य वाढवलं: तिला बसवायला स्वरानेच पॅकीला सांगितलं होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी पाठवली. मेव्हचं उत्तर अजून नाही. स्वराचं दार बंद आहे.